हरणाऱ्यांची कॉमेंट्री

आमच्या सुरतेतल्या कोसाडच्या कॉलनीतला इस्त्रीवाला धुळ्याकडचा. हॉकीचा वर्ल्डकप सुरू झाला की त्याच्या टपरीत रेडिओवर मॅच लागलेलीच. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला की तो इस्त्री उचलून हवेत धरायचा. एकदा एकाची पँट जळाली, तेव्हापासूनची शिस्त. माझी साडी तोवर तशीच पडून.

एकदा आपण सपाटून हरत होतो. तेवढ्यात त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, कापडवाले शेठ आले.

“अरे भाई, क्रिकेट लगाव ने! तिकडे आपण जिंकतोय. नाहीतर उद्यापासून माझे कपडे दुसरीकडे.”

त्यानं त्यांचं गाठोडं न सोडताच परत दिलं.

“घेऊन जावा, शेठ. जिंकणाऱ्यांचं ऐकायला अख्खी सुरत बसलीय.”

शेठ तणतणत गेले. तेवढ्यात आपल्यावर आणखी एक गोल झाला. त्यानं आवाज वाढवला.