वैशालीची तूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट ठाऊक नाही.

वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत वैशाली आणि मी तुरीवर काम करायचो. शेंगा पोखरणारी अळी मरावी म्हणून तुरीत बाहेरचं जनुक घालायचं, हे आमचं काम. तूर मोठी हट्टी. माझी रोपं वाढवायच्या काचेच्या बाटलीतच काळी पडायची, दर वेळी. वैशाली नाचणगावची, माझ्यानंतर लागलेली, मला ताई म्हणणारी — आणि तिची रोपं जगली. चाचणीत जनुक दिसलं तेव्हा तिनं आधी मला मिठी मारली. मी हसले. हसलेच असेन, नाही का?

मे महिन्यातला शनिवार होता. ती लवकर गावी गेलेली. विसरलेला डबा घ्यायला मी दुपारी परत आले, तर रोपांच्या खोलीतला एसी बंद. खटका आपोआप खाली पडला होता. दिवे मात्र चालूच — खोली तापत चाललेली. खटका नुसता वर करायचा होता. मी हात उचललासुद्धा...

मग दार ओढून घेतलं आणि घरी गेले.

सोमवारी सगळी रोपं करपलेली. वैशाली रडली नाही. बाटली हातात धरून मला म्हणाली, “ताई, एसी मीच बंद करून गेलती का वं? मले आठवूनच नाई राह्यलं.”

आणि मी म्हणाले, “घाईत होते वं असं.”

रोपं मरू दिली ते वाईट, की हे वाक्य? प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांसमोर तिनं चूक स्वतःवर घेतली. तिच्या नेमणुकीची मुदत वाढली नाही, संशोधन सुटलं. जाताना तिनं आपली पद्धत मला समजावून दिली. पुढे माझी तूर जगली — त्याच पद्धतीनं. नाव माझं झालं.

आता ती वर्ध्यात कॉलेजात शिकवते. परवा तिच्या घरी गेले होते. बोलता बोलता म्हणाली, दरवर्षी नव्या मुलांना ती आपली एसीची चूक सांगते, त्यांनी जपून काम करावं म्हणून. लाज नाही वाटत का, मी विचारलं.

“काऊन वाटन, ताई? झाली चूक तं झाली.”

मी मान हलवली. तिनं आणखी चहा विचारला. मी हो म्हणाले. तो पिऊन निघाले.