जेवणाआधीची नावं

दवाखान्यातली सिस्टर बाहेर आली तेव्हा मी पायरीवर बसून चहा पीत होतो. "बाबा, गेल्या त्या," एवढंच म्हणाली. मग हातातला कागद पुढं करून विचारलं, "बायकोचं पूर्ण नाव सांगा." मी तोंड उघडलं... अन् मिटलं. पोराकडं बोट केलं. "ह्याला इचारा." तिला वाटलं म्हातारा दुःखानं मुका झाला. बिचारीनं पाठीवर हात ठेवला. दुःख होतंच, पण कारण ते नव्हतं. उभ्या जन्मात मी बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत. "अगं ये", "ऐकलं का", "बाळूची माय", एवढ्यावर आमचा सगळा संसार झाला. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं तर प्रश्नच नाही, लग्नातल्या उखाण्यात घेईल तेवढंच. चहाचा कप हातात तसाच होता अन् पोरगा आईचं नाव सांगत होता. मला खाली बघावं वाटलं.

महिना होऊन गेला त्याला. पेपरच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसाबद्दल लई गोड लिहितात, मी वाचतो. मी चौथी शिकलेला, गावच्या दूध संस्थेत माप घालता घालता म्हातारा झालेला माणूस. गोड जमणार नाही. जे झालं ते लिहितो.

चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. बायको घाटनांदूरकडची. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं, कपिलधारचा धबधबा दाखवा. दरसाल पाऊस पडला की म्हणायची, अन् दरसाल मी म्हणायचो, दोन टाइम संस्था कोण उघडील? मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली. जिथं सकाळी कॅन पुरत नव्हते तिथं चार-दोन बाया तांब्यात दूध घेऊन येऊ लागल्या. संस्थेचा टेम्पो नुसता उभा. ड्रायव्हर म्हणाला, "शेषराव, तसंबी बीडला रिकामे कॅन न्यायचेत. घ्या मंडळी, सोडतो कपिलधारला." पाणी होतं तेव्हा मला वेळ नव्हता अन् वेळ मिळाला तेव्हा पाणी नव्हतं. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तरी तिनं पहाटे उठून भाकरी, झुणका बांधला, लेकीची, रुक्मीची, तेल लावून वेणी घातली, बाळूला धुतलेला सदरा घातला. आंबलेल्या दुधाच्या वासात, रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात आम्ही चौघं धबधबा बघायला निघालो.

देवळात पाया पडून पुढं गेलो तर नुसता काळा कातळ. एका कपारीत ओल होती तेवढीच. बायकोनं तिला तळहात लावला अन् उभी राहिली. मला शरम वाटली, अन् शरम वाटली की मी खेकसतो. "बघितला का धबधबा? झालं समाधान?" तेवढ्यात मागून कुणीतरी खळखळून हसलं. "अवं दादा, आमी तर जालन्याहून आलो हाव ह्यो बघायला!" आमच्यापेक्षा थोडी मोठी बाई, डोक्यावर पदर, सोबत तिचा मालक. बाईचं नाव मार्थाबाई. मालक याकोब, बीडला शिलाईचं दुकान टाकून राहिलेले. जालन्याहून आलो ही तिची गंमत, निघाले होते बीडहूनच. मग माझी बायकोही हसली. चौघं माणसं कोरड्या दगडापुढं उभी राहून हसत होती. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

झाडाखाली बसलो. त्यांच्याकडं पाण्याचा कॅन भरलेला, आमचा अर्ध्यावर आलेला. पोरांनी हात पुढं केला तसं मी विचारलं, "तुमी कोन?"

"ख्रिस्ती."

"ते झालं. आदी कोन?"

मार्थाबाईनं तांब्या भरला अन् म्हणाली, "आदी तहानलेलं होतो, दादा. आताबी तहानलेलंच हाव. प्या." बायकोनं माझ्याकडं न बघता तांब्या घेतला, पोरांना पाजलं, स्वतः प्याली. मी सगळ्यांच्या शेवटी प्यालो. लई तहान लागली होती म्हणून प्यालो, मोठ्या मनानं नाही.

भाकरी सोडता सोडता मार्थाबाईनं विचारलं, "लेकरं दोनच का, ताई?" बायको म्हणाली, "दोन." मग म्हणाली, "थोरलं होतं. गेलं." "नाव काय त्याचं?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी कातळाकडं. आमचा थोरला पाळण्यातच तापानं गेला, अन् माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं, गेलेल्या लेकराचं नाव घरात काढायचं नाही, पाठची भावंडं वाचत नाहीत. नाही काढलं कुणी. बायको अगदी हळू म्हणाली, "सोपान."

मग त्या दोघांनी डोळे मिटले, हात जोडले. मला काय ठाऊक? मी घास घेतला होता. वाटलं, भाकरीत काही पडलंय का काय. मार्थाबाई बोलत होती, जसं अंगणात बसलेल्या माणसाशी बोलावं. "प्रभू, ह्या भाकरीसाठी तुझे उपकार. ह्या ताईला सांभाळ, दादाला सांभाळ, रुक्मीला, बाळूला सांभाळ. सोपान तुझ्यापाशी हाय, त्याला जवळ घे." माझा घास तोंडातच राहिला. ना गिळता येईना, ना थुंकता येईना. बायको पदर तोंडात धरून रडायला लागली. मार्थाबाईनं तिचा हात धरला तो जेवण होईस्तोवर सोडला नाही, दोघी एकेका हातानं जेवल्या. बायकोनं विचारलं, "गेलेल्याचं नाव घेतलं तर चालतं व्हय?" "का न्हाई? आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी राहायला गेलं तर इचारतो न्हवं, कसं हाय म्हणून?" याकोबांनी माझ्या पुढं ठेचा सरकवला. "खा, दादा. तुमी आदीच सुरू केलं, देवाला राग न्हाई." मी उठून पोरांना घेऊन कातळाकडं गेलो. म्हटलं, पोरांना वानरं दाखवतो. वानर एकही नव्हतं.

त्या दिवसापासून ती जेवणाआधी डोळे मिटू लागली. बाजारच्या दिवशी बीडला मार्थाबाईकडं जायची, तिथल्या प्रार्थनेला बसायची. पुढं एक दिवस म्हणाली, "मी येशूची झाले." मी म्हणालो, "झाली तर झाली, चहा ठेव." ताटावर बसली की नावं घ्यायची. सासूचं, लेकीचं, पोराचं, सोपानचं, संस्थेत पायरीवर बसणाऱ्या आंधळ्या म्हातारीचंसुद्धा. अन् माझं. "शेषरावांना सांभाळ." लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं ते असं. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

शेजारणीनं ऐकलं. गावभर झालं. सकाळी मापाच्या वेळी भरल्या रांगेत एक जण म्हणाला, "काय बे शेषराव, बायको डोळे मिटून तुझं नाव घेती म्हणं! जित्तेपणीच दहावा घालती का?" सगळी रांग हसली. घरी येऊन मी जेवायची पितळी सरकवली. "माझं नाव काढायचं न्हाई." ती म्हणाली, "सोपानचं काढू का?" "काढ. माझं न्हाई." तिनं मान हलवली. तेव्हापासून सगळ्यांची नावं घ्यायची अन् शेवटाला म्हणायची, "...आन हे." बस्स. तिचं होईस्तोवर माझी अर्धी भाकरी झालेली असायची. किती वर्षं असंच चाललं.

दवाखान्यात तिचा जीव लई अशक्त झाला होता. दुपारी पेज आणली, तिनं डोळे मिटले, परत उघडले. म्हणाली, "एकदा घेऊ का?" मला कळलं कशाचं. पलीकडच्या खाटेवर आमच्याच गावची माणसं बसलेली. मी म्हणालो, "हितं नको. माणसं हायत." ती हसली. ओठ हलले, आवाज नाही आला. मग दोन चमचे पेज घेतली...

दहावा झाल्यावर मार्थाबाई एसटीनं आली. याकोब जाऊन बरीच वर्षं झाली, ती काठी टेकत आली. सुनेनं जेवायला वाढलं. मार्थाबाईनं डोळे मिटले, नावं घेतली, अन् त्यात मधेच, सवयीनं घ्यावं तसं, "शेषरावांना सांभाळ." मी चमकलो. नंतर विचारलं, "माझं नाव तुमाला कसं ध्यानात?" ती म्हणाली, "म्हंजे? ताई येईल तवा घ्यायची की. सगळ्यात आदी तुमचंच. म्हणायची, घरी त्यांना आवडत न्हाई, म्हणून हितं मोठ्यानं घेते." मला तिच्याकडं बघवेना. मी चुळीचं निमित्त करून उठलो, रांजणापाशी गेलो अन् नुसता उभा राहिलो.

मला येशू कळला असं मी म्हणत नाही. मला एवढंच कळतं की आमच्या घरात एक बाई होती, ती रोज सगळ्यांना एकेकाला नावानं आठवल्याशिवाय घास घेत नव्हती, अन् मी समोर बसून जेवत होतो.

तिची पितळी आता मी घेतो. दुपारी पोरगा रानात असतो, सून शाळेत पोषण आहार शिजवायला जाते, घरात कुणी नसतं. परवा डोळे मिटले. हात जोडायला लाज वाटली, मांडीवरच ठेवले. रुक्मी म्हणालो, बाळू म्हणालो, सुनेचं नाव घेतलं. सोपान म्हणताना आवाज फाटला, बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ते नाव निघत होतं. ती आंधळी म्हातारी कधीच गेली, तरी तिचंही घेतलं. मग लई वेळ थांबलो. भाकरी वातड होऊन गेली. बाहेर कुणी नाही ना, म्हणून डोळे उघडून दाराकडं बघितलं, अन् त्याचीच इतकी शरम वाटली की पुन्हा मिटले अन् मोठ्यानं म्हणालो, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं...

कौसल्या.