खेचर पाडताना

माझं पहिलं पोस्टिंग जनावरांच्या दवाखान्यात झालं, आणि ते ऐकून आमचं आख्खं नंदिगड्डे गाव हसलं. बापयमाणसं पारावर बसून म्हणाली, "फौजेत जाऊन शेण काढतंय." काढलं. लाज कसली त्यात? बर्फाच्या डोंगरावर जिथं गाडी जात नाही, तिथं जवानाच्या पोटाला भात पोचतो तो खेचराच्या पाठीवरून. ते खेचर आजारी पडलं की त्याला बघणाऱ्याला फौजेत ड्रेसर म्हणतात. मी ड्रेसर होतो.

आता पेन्शनीत आलोय, आणि कर्नाटकात, आमच्या जोयड्यात, पुन्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या सहायकाचं ट्रेनिंग घेतोय. फौजेतला अनुभव इथं चालत नाही म्हणे. असू दे. शिकवणारे डॉक्टर चांगले आहेत. परवा त्यांनी विचारलं, "पाडणं म्हणजे काय?" तर मागच्या बाकावरून एक जण खिदळला, "रामनगरच्या त्या फौजीला विचारा, खेचरानं पाडलेल्या!" माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं झाली, तरी तेच! म्हणून हे लिहितोय.

रामनगरचा तो फौजी म्हणजे परशराम. परश्या. आम्ही एकाच गाडीतून भरतीला गेलो आणि एकाच बॅचला ड्रेसर झालो. ट्रेनिंग सेंटरात पहाटे खेचरांना मालिश, मग खूर साफ करणं, मग क्लास. जखम धुणं, पट्टी बांधणं, शीर धरून रक्त थांबवणं. आणि सगळ्यांत अवघड, पाडणं. उभ्या जनावरावर मोठं काम करता येत नाही. मानेत दोरीचा फास घालायचा, टोकं मागच्या पायांतून फिरवायची, दोन्हीकडून ओढायचं. खेचर बसतं, मग कुशीवर कलंडतं. त्याला इजा न करता आडवं करायचं, त्याला पाडणं म्हणतात.

पण पाडलेलं खेचर आडवं ठेवतं कोण? दोरी नव्हे, मानेवरचा माणूस. एक गुडघा मानेवर, नाक दोन्ही हातांनी वर धरलेलं. डोकं उचलता आलं नाही तर जनावराला उठता येत नाही. आमचे उस्ताद रोज ओरडायचे, "गर्दन नहीं छोड़ना! गर्दन छोड़ी, तो नीचे काम करने वाला गया!" परश्या अंगानं दांडगा, म्हणून मान कायम त्याच्याकडं. मी हातानं हलका, म्हणून टाके माझ्याकडं.

पुढं आम्हा दोघांना उत्तर सीमेवर एकाच तुकडीत पाठवलं. तिथं एक काळीभोर खेचरी होती. खुरावर नंबर होता, पण परश्यानं तिचं नाव काळी ठेवलं, आपल्या नदीचं. कानात कन्नड बोलायचा तिच्या. मी म्हणायचो, "पंजाबातलं जनावर हाय गा ते." तो म्हणायचा, "असू दे. शिकंल की."

त्या दिवशी सकाळी आठला आम्ही वरच्या पोस्टसाठी औषधं आणि घासलेट घेऊन निघालो. पाऊलवाट अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खड्ड, म्हणजे खोल दरी. काळी सगळ्यांत पुढं. एका वळणावर तिचा पुढचा पाय जुन्या तारेत अडकला. तिनं हिसका दिला आणि शीर कापली. रक्ताची चिळकांडी उडाली. ती बिथरली, मागं सरायला लागली, आणि मागं सगळी रांग.

रेडिओ बोलला, "रास्ता क्यों रुका है? ओव्हर."

आमच्या तुकडीच्या सुभेदार साहेबांनी कारण सांगितलं.

"शूट करो. रास्ता खाली करो. ओव्हर."

परश्यानं पाडायची दोरी आधीच बाहेर काढली होती. म्हणाला, "साब, दस मिनट."

साहेबांनी एकदा काळीकडं बघितलं आणि रेडिओत म्हणाले, "दस मिनट. आउट."

वळण जरा रुंद होतं. आम्ही ओझं उतरवून तिला तिथं पाडली. परश्या मानेवर बसला. मी तिच्या पायांत शिरलो, माझी पाठ खड्डाकडं. शीर सापडली, चिमट्यात धरली, दोऱ्याची पहिली गाठ मारली. तेवढ्यात वरून बारीक खडे आले. मग मोठे. साहेब ओरडले, "हटो! सब हटो!"

परश्यानं वर बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. त्याला उडी मारायला जागा होती. मला नव्हती. त्यानं मान सोडली असती तर काळी उठली असती आणि तिच्या पायांनी मला खाली भिरकावलं असतं. तो मला एवढंच म्हणाला, "बांध तू. मी हाय."

मी दुसरी गाठ मारली. दगड त्याच्या डोक्याला लागला. तो पुढं कलंडला तो तिच्याच मानेवर. तिला उठता आलं नाही. गेल्यावरही त्यानं मान सोडली नाही.

बॉडीबरोबर मी जायला हवं होतं. मला सोडलं नाही. तुकडीत ड्रेसर मी एकटाच उरलो होतो. बॉडीबरोबर दुसऱ्या कंपनीचा जवान गेला, त्याला काय ठाऊक? परश्याच्या घरी फोन केला क्लार्कनं, हिंदीत, "खच्चर को गिराते वक्त." थोरल्या भावानं रडत रडत बाजारात सांगितलं, खेचरानं पाडला. झालं! बाजाराला तेवढंच पायजे होतं.

रजा मिळताच मी थेट रामनगरला उतरलो. स्टँडवर चहा घ्यायला बसलो तर शेजारचा नालबंद सांगत होता, "लढाईत न्हाई गा, लाथ खाऊन मेलं ते."

मी ग्लास ठेवला. "रोज बैल पाडतोस न्हवं नाल मारायला?"

"व्हय की."

"त्यात तू बैलाला पाडतोस का बैल तुला?"

हसणारे आडाणी असते तर सोडून दिलं असतं. पण पाडणं म्हणजे काय हे ज्यांच्या हातांना ठाऊक, तीच माणसं दात काढत होती. संताप आला तो त्याचा.

परश्याची आई, शांतामावशी, घरात मागल्या खोलीत बसली होती. दार लावलेलं. लोकांच्या बोलण्यानं तिनं बाजारात जाणं सोडलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात. ती मधे एकदाही रडली नाही. शेवटी म्हणाली, "रोज शिव्या घातल्या रे मी त्या खेचराला. तुझा वंश बुडू दे म्हटलं."

"खेचराला वंश नसतोय, मावशी."

"जगलं व्हय ते?"

"जगलं. जरा लंगडतंय, पण चालतंय."

"मग माझ्या पोराचं काम पुरं झालं म्हण की."

"व्हय मावशी. पुरं झालं."

ती उठली. पुढचं दार सताड उघडलं. गल्लीत बायका पाणी भरत होत्या, दोन म्हातारे कट्ट्यावर बसले होते. मावशीनं उंबऱ्यात पाट टाकला आणि मला त्यावर बसवलं.

"आता पयल्यापासून सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."

मी परेडवर लावतात तो आवाज लावला आणि परशरामचा नंबर, रँक, नाव घेऊन सुरुवात केली.