सरांच्या घरचे अंक

आमच्या नगरच्या कॉलेजात परदेशातून शोधपत्रिकेचा अंक आला, की तो आधी वनस्पतिशास्त्राच्या मुख्य सरांच्या घरी जायचा. त्यांचं वाचून झालं की मगच ग्रंथालयाच्या कपाटात. ते कधी व्हायचं, देवाला ठाऊक. ग्रंथपाल म्हणायचे, "इथली रीतच आहे बाई, मी काय करू?" कसली रीत नि कसलं काय, डोंबलाचं!

मी त्याच सरांकडे पीएच.डी. करत होते. पुणतांब्याच्या एका रानात करडईच्या पानांवर मला एक बुरशी सापडली होती. कपाटातले सगळे जुने अंक मी पालथे घातले, तिचं वर्णन कुठंच नव्हतं. बुरशी नवी ठरली तर प्रबंध, प्रबंध झाला तर नोकरी. नाहीतर लग्न. बेलापूरहून वडील येऊन बजावून गेले होते, "औंदा तुजं ते बुरशीचं उरकलं तर ठीक, न्हाईतर पाव्हनं बघून ठिवलेत."

सर मात्र खूश. "नवीच आहे, कर तू काम," म्हणायचे आणि वर स्वतःच्या पुस्तकासाठी मला संदर्भांची कार्डं लिहायला बसवायचे. लेखक, साल, पान, सारांश. बोटं वाकडी होईस्तोवर लिहिली मी. गुरूला नाही कसं म्हणायचं?

एकदा ती कार्डं द्यायला त्यांच्या घरी गेले. सर आंघोळीला गेलेले. त्यांच्या बायकोनं बाहेरच्या खोलीत बसवलं. टेबलावर अंकांची चळत होती, सहज वरचा उघडला, तर माझीच बुरशी! तेच बीजाणू, तसंच चित्र. दुसराच कुणी तिला नाव देऊन मोकळा झालेला. समासात सरांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा. अंक चांगला दोन वर्षांमागचा.

सर डोकं पुसत बाहेर आले. मी अंक पुढं धरला. जरासुद्धा चपापले नाहीत.

"पाहिलाय मी तो. आला तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही, सर?"

"सांगितलं असतं तर तू विषय सोडून गेली असतीस. कार्डं कुणी लिहिली असती?" मग आत वळून म्हणाले, "अगं, हिला चहा टाक."

चहा टाक म्हणे! मेल्याच्या तोंडावर तो अंक भिरकावायला हवा होता. मी कार्डं टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. पुढं नवा विषय मागितला, तर म्हणाले, "आता उशीर झाला."

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सर आले, आहेर म्हणून आपलं नवंकोरं पुस्तक घेऊन. "मागची संदर्भसूची बघ, अशी कुणाची नाही," हसत म्हणाले. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "गुरुजी ना तुझे? पाया पड." मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा. शेवटी बाईमाणसाला हेच बरं."

"व्हय, अगदी खरं बोलला सर," माझे वडील म्हणाले.