मामाच्या घरी दिलेली

मी येळ्ळूरची. मला निपाणीला मामाच्या मुलाला दिलं. आमच्यात या सोयरिकीचं फार कौतुक. सासू म्हणजे मामीच, लेक परक्यात जात नाही. त्यातली गोम मला पाचव्या महिन्यात कळली. गाऱ्हाणं सांगायला माहेरच उरत नाही.

त्या महिन्यात बेळगावला सोनोग्राफी केली. बाळाच्या डोक्याची कवटीच झाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बसवून सांगितलं, की पहिल्या महिन्यातच, दिवस राहिलेत हे बाईला धड कळलेलंही नसतं तेव्हा, मेंदू आणि मणक्याची नळी मिटते. याची वरून उघडीच राहिली. बाळ जगणार नाही.

"का?" मी विचारलं. मला एकच कारण हवं होतं, भांडायला सोपं.

एकावर बोट ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या. काही मुलखांत हे जास्त दिसतं, काहींत कमी. आहारात फॉलिक ॲसिड कमी पडणं, साखरेचा आजार, काही औषधं, नात्यातलं लग्न. काही देशांत पिठातच ते जीवनसत्त्व मिसळतात, तिथं प्रमाण घटलंय. मग त्यांनी विचारलं, "घरात आधी असं कुणाचं झालंय?"

माझ्या एका बाजूला आई बसलेली, दुसऱ्या बाजूला मामी. दोघी एकदमच म्हणाल्या, "न्हाय."

बाळ गेलं. घरात ग्रहणाचा विषय निघाला, आणि शेजारणीला मी त्या दिवशी विळीवर बसलेली बरोबर आठवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आईजवळ रडावं तर ती तिच्याच भावाच्या घराची तक्रार होते, म्हणून ती विषय बदलायची. नवरा चांगला, पण यावर मुका. मला पुन्हा मूल हवं होतं आणि त्याचीच भीती वाटायची. हे बोलायला कुणी नव्हतं.

आमच्यात तीन महिने भरेपर्यंत पोटातलं कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. दवाखाना त्यानंतर. पहिल्या वेळी तेच झालेलं. आता डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायच्या. मामीनं एकदा मला गोळी घेताना पाहिलं.

"कशाची गं?"

मी सगळं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला. "माझं बी असंच झालतं. तुझ्या नवऱ्याच्या आधीचं."

"मग डॉक्टरीणबाईंना न्हाय का म्हणालीस?"

"आक्का, तुझी आई, शेजारी बसलेल्या. फसवून लेक नेली म्हणल्या असत्या."

माझं डोकंच फिरलं. तडक आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठाऊक हाय मला. तुझ्या आजीनं तवाच सांगितलतं."

"आणि तरी मला तिथंच दिलंस?"

"भावाचं घर गं. जीव लावतील म्हटलं." मग तिनं विचारलं, "लावत्यात न्हवं?"

"लावत्यात," मी म्हणाले. ते खरंच होतं. इतकं एकटं मला बाळ गेलं तेव्हाही वाटलं नव्हतं.