आमच्या पिकअपची उंची

हसणार नसाल तर सांगते. नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या. आक्काच्या लग्नात मी एवढा घोटाळा करून ठेवला, आणि तोही तोंडातून एक शब्द न काढता.

आबांची गुळाच्या ढेपा वाहायची जुनी पिकअप आहे. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. मागे माणसं चढली की ती दमलेल्या म्हशीसारखी खाली बसते. आणि आक्काचं सासर कागलच्या पलीकडे, वाटेत दगडगोट्यांचा ओढा. वऱ्हाडासकट गाडी तिथे पोटावर टेकली तर मुहूर्त चुकणार आणि आक्काला जन्मभर ऐकावं लागणार. आबांची झोपच उडाली.

गाडीच्या स्प्रिंगचे नवे पाटे घ्यावेत तर त्या खर्चापायी वाजंत्री रद्द करावी लागली असती. मग शाहूपुरीतल्या गणू मिस्त्रींनी तोड काढली. मागच्या चाकांवर कमानीसारखे पोलादी पाटे असतात ना, त्यांच्यात भंगारातल्या लष्करी ट्रकाचा एक पाटा तापवून, वाकवून घालायचा. गाडी चार बोटं वर उठेल. कमी खर्चात काम!

पण उठली की नाही हे कळणार कसं? मिस्त्रींच्या दुकानापुढे उतार. तिथे चांगली गाडीसुद्धा वाकडी दिसते. म्हणून माप घ्यायचं आमच्या दारातल्या सपाट फरशीवर, आणि घ्यायचं मी, कारण माझी नजर बारीक. मी मागच्या मडगार्डापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडली, टेकली तिथे गाठ मारली. गाडी रिकामी होती. इथवर माझं काही चुकलं नाही, हे लक्षात ठेवा.

पाटा घालून गाडी आली. आबा ती दारात लावून आमंत्रणं द्यायला निघून गेले. आता आमच्या गल्लीची एक रीत आहे. आमची गाडी चिंचेच्या सावलीत थांबली रे थांबली, की बायका सुपं घेऊन मागे चढून बसतात. त्यात लग्नघर. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी लसूण सोलतंय. आणि मधोमध सुंदराकाकू. सुंदराकाकू झोपाळ्यावर बसल्या की कड्या रडतात.

मी सुतळी घेऊन उभी राहिले. आता तुम्हीच सांगा, काय म्हणणार? “काकू, जरा उतरा, म्हणजे गाडी वर येईल”? असं कधी कुणी कुणाला म्हणतं का? मी गुपचूप खाली वाकले आणि सुतळी सोडली.

गाठ होती तिथेच टेकली.

संध्याकाळी आबांना तेवढंच सांगितलं. आबा तडक मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी पोराबाळांच्या शपथा घेतल्या. शेवटी त्यांनी आणखी एक पाटा चढवला. तोवर गाडी उंच होतेय ही बातमी गल्लीभर झालेली. गाडी बघायला मागच्या आळीतल्या बायकाही आल्या, आणि आल्या त्या चढूनच बसल्या. या खेपेला गाठ जमिनीवर लोळली.

“आगं, पाटा घालून गाडी खाली जाती व्हय?” आबा म्हणाले.

मी सुतळी दाखवली. सुतळी कशाला खोटं बोलेल?

आता मिस्त्री इरेला पेटले. त्यांनी पाट्याखाली बाभळीचे जाड ठोकळेच ठोकले आणि लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी स्वतः आणून लावली. आबा पाहुण्यांत अडकलेले. मी मापलं. भरल्या गाडीतही गाठ चार बोटं वर. आबांनी गूळ वाटला.

सकाळी सगळ्या बायका नटायला गेल्या होत्या. आबा बाहेर आले आणि बघतच राहिले. रिकामी गाडी शेपूट वर, तोंड खाली, कांगारूला लाज आणेल अशी उभी. आबांना वाटलं, पुढचेच पाटे बसले. ते बॉनेटखाली डोकं घालून शोधत राहिले. पण वेळ कुणाला होता? माळ्यावर चढायची शिडी आणली, लावली, आणि एकेक बाई वर चढवली. गडबडीत आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. शेवटी काकूंना खालून तिघींनी ढकललं, तेव्हा गाडी सुतासारखी सरळ झाली.

आणि खरं सांगते, ओढा असा पार झाला की पाण्याला कळलंही नाही. मुहूर्त सापडला. आबा मिशीत हसत होते.

मग मांडवापुढे सगळ्या उतरू लागल्या. एक उतरली, गाडी बोटभर वर. दुसरी उतरली, आणखी वर. व्याही, विहीणबाई, वाजंत्रीवाले, सगळे थक्क. मागे राहिल्या एकट्या काकू, भर उंचावर, देवीच्या पालखीसारख्या. आबांनी गाडीकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे.

“मापताना गाडीत कोण बसलं हुतं गं?”

मी मान खाली घातली. उत्तर वरून आलं.

“आमीच की! लई गुणाची पोरगी हाय तुमची. तिन्ही येळंला आली, पर एकदाबी उठा म्हनली न्हाय.”

विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “अशी मुकी पोर आता कुटं मिळती?”

व्याह्यांसमोर आबा रागावणार कसे? कान लाल झाले होते, तरी ते म्हणाले, “व्हय, गुणाचीच हाय,” आणि शिडी माझ्या हातात दिली. धर म्हणाले, काकूंना उतरव.

मी घट्ट धरली. काकू पाठमोऱ्या उतरू लागल्या. शेवटच्या पायरीला त्यांचा पाय नेमका माझ्या बोटांवर पडला, आणि तिथेच थांबून त्या विहीणबाईंना आमच्या गल्लीतल्या शेवयांची कृती सांगू लागल्या.

कृती लांबलचक होती. मी पूर्ण ऐकली.