नावाला ओ कोण देणार

कमानीवरच्या दगडाचा मजकूर शुक्रवारपर्यंत अंबडच्या कारागिराकडे पोचवायचा होता. कमान बांधून झाली होती, रंगही दिला होता. मधला काळा दगड तेवढा कोरा होता.

वडीगोद्रीपासून तीन किलोमीटर आत मधली वस्ती आहे. तिथे बांधावर, लिंबाखाली, शेंदूर लावलेला वीतभर उंचीचा एक दगड आहे. वस्तीवरचे लोक त्या देवीला आत्याबाई म्हणतात. कमान तिच्याच नावाने, वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभी केली आहे. मी वस्तीवरचा नाही. माझं घर वडीगोद्रीत आहे आणि नोकरी अंबडच्या एका महाविद्यालयात, मुख्य लिपिकाची. त्यामुळे सगळे मला बडेबाबू म्हणतात. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन. रजिस्टर नीट ठेवतो म्हणून कमानीच्या समितीने मला सचिव केलं. अध्यक्ष अंगद गव्हाणे. त्याचं हायवेला पाइप आणि मोटारींच्या सामानाचं दुकान आहे.

अंगदने मला मजकूर लिहून दिला होता. वर मोठ्या अक्षरांत 'श्री आत्यामाता' आणि खाली चार ओळी: गव्हाण्यांची एक आत्या भावाच्या शेताची राखण करता करता बांधावरच बसली आणि तिथेच तिची देवी झाली. हे कुठून कळलं, असं मी विचारलं. सगळेच सांगतात, असं तो म्हणाला. मी रजिस्टरमध्ये 'लोकांच्या सांगण्यावरून' अशी नोंद केली. मला तरी त्यात काही गैर वाटलं नाही.

रविवारी सकाळी चतुराबाई माझ्याकडे आल्या. या अंगदच्या थोरल्या काकू. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे, पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. बांधावर रोज दिवा लावतात त्या याच. सोबत त्यांची नात प्रीती होती, बारावीतली. चहा खाली ठेवून त्या सरळ विषयावर आल्या.

"बडेबाबू, अशी कुणी आत्याच न्हाई. ते नाव मी पाडलंय. तिचं नाव येगळं हाय. दगडावर खोटं लिहिलं तर मंग तिचं नाव गेलंच म्हणायचं. ते ठाऊक असणारी आता मी एकटीच राह्यले."

मी रजिस्टर उघडलं आणि खरं नाव काय ते विचारलं. त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि सांगता येत नाही म्हणाल्या. का, तर ते त्यांच्या सासूचं नाव होतं. सासूचं नाव त्यांनी लग्नापासून घेतलं नव्हतं. सासू जाऊन एकतीस वर्षं झाली तरी घेतलं नव्हतं.

आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. चतुराबाई सून होऊन आल्या तेव्हा देवीचं आणि सासूचं नाव एकच निघालं. सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून मग देवीलाही त्या आत्याबाईच म्हणू लागल्या. त्यांच्या दोन धाकट्या जावांनी तेच केलं. पोरांनी आयांचं ऐकलं, वस्तीने पोरांचं. एवढं मला समजलं. पुढे गोंधळ सुरू झाला. आत्याबाईनं मला आत्याबाईपुढं बसवलं, मंग आत्याबाईला हळद लावली, आत्याबाई रागावल्या, असं त्या सांगत गेल्या. कोणती आत्याबाई कुठे ते मला कळेना. मी पानावर दोन रकाने आखले, आत्याबाई एक आणि आत्याबाई दोन. पाच मिनिटांत दोन्ही रकान्यांत खाडाखोड झाली.

मी सुचवलं की तोंडाने सांगू नका, प्रीतीला मोबाइलवर लिहायला सांगा. पण प्रीतीला तरी नाव कुठे माहीत होतं. पणजी जाऊन तेरा-चौदा वर्षं झाल्यावर तिचा जन्म. घरात सगळे पणजीला मोठीबाईच म्हणायचे.

"आजी दारातल्या तुळशीलासुद्धा दारातली म्हणती," प्रीती म्हणाली. "बाजारात देवीचा फोटो घेतानी पण बोट दाखवती, नाव न्हाई घेत."

चतुराबाईंनी तिच्या पाठीत हलकेच चापट मारली. मी तेही लिहून घेतलं. खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

सोमवारी कॉलेजवरून येताना अंगदच्या दुकानासमोर उतरलो. त्याची आजी कोण, तिचं नाव काय, असं विचारलं. तो एका गिऱ्हाइकाला वॉशर मोजून देत होता. मान वर न करता म्हणाला, "तुळजाबाई. का?"

दोन दिवस मी ज्याच्यामागे होतो ते त्याने वॉशरबरोबर हातावर ठेवावं तसं दिलं. नातवाला आजीचं नाव घ्यायला कसली अडचण. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, दगडावर तुळजाबाई लिहिलं तर गाव म्हणेल, अंगद्यानं वर्गणी काढून आजीची कमान बांधली. शिवाय तुळजाभवानी तुळजापूरला असताना बांधावरच्या दगडाला तेच नाव कसं काय. आजीचं नाव देवीवरून ठेवलं की देवीचं आजीवरून, हे आधी ठरवा, मग माझ्याकडे या. काकूचं डोकं फिरलंय, असंही म्हणाला, पण ते हळू आवाजात.

प्रश्न बरोबर होता.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकून वस्तीवर गेलो. चतुराबाई लिंबाखालीच होत्या. देवीपुढचा पाचोळा गोळा करत होत्या. मी नाव उच्चारलं नाही. मला कळलंय एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि एक मोठा श्वास सोडला.

देवी आधी की सासू आधी, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जसं समजलं तसं लिहितो. सासूबाईंच्या आईने तुळजापूरला नवस केला होता, मुलगी झाली तर देवीचं नाव ठेवीन. मुलगी झाली, नाव ठेवलं. ती मुलगी लग्न होऊन निघाली तेव्हा आईने माहेरच्या देवघरातला हा दगड तिच्या ओटीत घातला. वस्तीवर लोक त्याला तिची देवी म्हणू लागले आणि हळूहळू तिच्याच नावाने ओळखू लागले. म्हणजे मोठ्या देवीवरून बाईचं नाव आणि बाईवरून या छोट्या देवीचं. मी रकाने खोडून बाण काढले. बाण फिरून पहिल्या जागीच येत होते.

मी पेन बंद करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् तिसरी राह्यली की."

तिसरी कोण, ते मला कळलं नाही. मग त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगितली. त्या पंधरा वर्षांच्या होत्या. बाहेरून कुणीतरी शेजारणीने सासूला नावाने हाक मारली. चुलीपाशी बसलेल्या सासूने ओ दिली. त्याच वेळी पाण्याची कळशी घेऊन उभ्या असलेल्या सुनेनेही ओ दिली. कारण तेच नाव तिचंही होतं. तिच्याही आईने तसलाच नवस केला होता. सासू म्हणाली, एका घरात एका हाकेला दोघींनी ओ देणं चालायचं नाही.

"मी म्हणलं, ओ तुम्ही द्या आत्याबाई, काम मी करते. तर हसल्या. म्हणल्या, चतुर हाय पोरगी. झाले मंग मी चतुरा."

त्या दिवसानंतर ते नाव त्यांनी घेतलं नाही आणि त्या नावाने त्यांना कुणी हाकही मारली नाही. माहेरी आई होती तोवर ती मारायची. ती गेल्यालाही आता चाळीसएक वर्षं झाली.

मी तिथून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडली होती. या बाई देवीचं नाव वाचवायला आल्या होत्या, की आपलं?

गुरुवारी अंगदला सगळं वाचून दाखवलं. त्या चार ओळींखाली सचिव म्हणून मला सही करता येणार नाही, हेही सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. दगड ओटीतून आल्याचं ऐकून तो काउंटरवरचा नट फिरवू लागला. मग म्हणाला, लहानपणी आजोबांशी भांडण झालं की आजी बांधाकडं बोट करून म्हणायची, ती माझी हाय, उचलून माहेरी घेऊन जाईन. आम्हाला वाटायचं, देवी कुणी उचलून नेती का.

"आत्याच्या ओळी काढा," तो म्हणाला. "नाव लिहा फक्त. लोकांचं मी बघतो."

शुक्रवारी दुपारी कारागिराने अक्षरं कॉम्प्युटरवर काढून मोठा कागद दिला. सही झाल्यावरच दगडाला मशीन लागणार होतं. मी कागद घेऊन आधी वस्तीवर गेलो. चतुराबाईंना वाचता येत नाही. त्यांनी बोटाने अक्षरं चाचपली, जणू ती आत्ताच कोरलेली होती.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "तुळजाबाई."

"बाई नको. नुसतं."

कागदावर बाई होतंच. तरी मी वाचलं, "तुळजा."

"जरा जोरात. लांबून हाक मारल्यावानी."

हे वाचणं राहिलं नव्हतं, पण मी मोठ्याने हाक मारली. वस्तीवर दुपारी कुणी नव्हतं. गोठ्यातल्या गाईने तेवढी मान वळवली.

"ओ," चतुराबाई म्हणाल्या.

ओ देवीच्या वतीने दिली, सासूच्या, की त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या, असं मी विचारलं. माझा प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा.

"आत्याबाई तर न्हाईत आता," त्या म्हणाल्या. "हाक आली तर कुणी तरी ओ द्यायला पाह्यजे का न्हाई?"

कोणत्या आत्याबाई, हे मी विचारलं नाही. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. निघताना त्यांनी एकच विचारलं. कमानीखालून शाळेची पोरं जातात, ती येता-जाता पाटी मोठ्यानं वाचतात का? वाचतात, असं मी सांगितलं.

संध्याकाळी अंबडला सही करून कागद दिला. रजिस्टरमध्ये देवीचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, 'नाव कोणावरून'. तो अजून कोरा आहे. दगड मात्र बसला आहे, आणि शाळा सुटायच्या वेळी चतुराबाई कमानीजवळच्या पारावर येऊन बसतात.